करडू कुणाच्या कासेला जाते: उस्मानाबादी शेळ्यांच्या खरेदीचे एक प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून माणसांची आणि गावांची नावे दिलेली नाहीत.)

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे एक शेतकरी कुटुंब. तीन एकर जमीन, विहिरीला आठमाही पाणी, अर्धा एकर मेथीघास, बांधावर सुबाभूळ आणि शेवरी. मुलाने कंपनीतली कंत्राटी नोकरी सोडली आणि बंदिस्त शेळीपालन करायचे ठरवले. आईने आयुष्यभर चार-पाच गावठी शेळ्या सांभाळल्या होत्या, पण 'फार्म' हा शब्द तिच्यासाठी नवा होता. बेत 20 शेळ्या आणि 1 बोकडाचा. 600 चौरस फुटांचा गोठा आधीच बांधून झाला होता. जनावरांसाठी तीन लाख रुपये बाजूला काढले होते.

जात उस्मानाबादी ठरली आणि ती निवड योग्यच होती. धाराशिव, लातूर, तुळजापूर, उदगीर हा तिचा मूळ पट्टा. बहुतेक शेळ्या काळ्या, पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन सरासरी 32 किलोच्या आसपास. कोरड्या हवेला चिवट, आणि जुळी देण्याबद्दल नावाजलेली. पण जुळी देण्याचा गुण शेळीच्या कातडीवर लिहिलेला नसतो. काळी, लोंबत्या कानांची शेळी कोणत्याही बाजारात मिळते. तिची आई किती वेळा व्याली, दर वेताला किती करडे जगली, बाप कोण, हे फक्त पैदास करणाऱ्यालाच माहीत असते. हे प्रकरण त्याच माहितीभोवती फिरते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय आठवडी बाजार. लोणंद, आटपाडीसारखे मोठे बाजार या भागातल्या लोकांच्या पायाखालचे आहेत. तिथे नजरेने भाव ठरतो आणि शेळीमागे त्या वेळी साडेआठ ते दहा हजार पडत होते. बाजारातला व्यापारी लबाड असतोच असे नाही. तो जनावर घेतो आणि आठवड्याच्या आत विकतो, आणि बहुतेक माल शेवटी खाटकाकडे जातो. त्या धंद्यात जनावराचा इतिहास लागतच नाही, म्हणून तो त्याच्याकडे नसतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा तेच जनावर 'पैदाशीचे' म्हणून विकले जाते.

दुसरा पर्याय महामंडळाचा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची तुळजापूरजवळ तीर्थ येथे, अंबाजोगाईला आणि इतरत्र प्रक्षेत्रे आहेत. नोंदी असतात, दर ठरलेला असतो. पण मागणी जास्त, अर्ज करून थांबावे लागते. गोठा रिकामा उभा होता आणि थांबायची मुलाची तयारी नव्हती.

तिसरा पर्याय एक खासगी 'गोट फार्म'. रस्त्यावर मोठा बोर्ड, उंच फळ्यांचा गोठा, मोबाइलवर रोज नवा व्हिडिओ. भाव जिवंत वजनावर किलोला 450 रुपये. सोबत 'लसीकरण पूर्ण', 'गाभण गॅरंटी', घरपोच गाडी आणि कानात पिवळे बिल्ले.

चौथा पर्याय मूळ पट्ट्यातले छोटे शेळीवाले. एका नातेवाइकाने लातूर जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन दिला होता. चौदा शेळ्या. ते म्हणाले, "वर्साला तीन-चार पाटी निघत्यात. आता पावसाळ्यात देत न्हाई, दिवाळी होऊ द्या. आन् तुमच्याकडं बोकड कुणाचा हाय?" (पाट म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी.) मुलाला हे टाळाटाळीचे वाटले. उलट फार्मवाल्याने एकही प्रश्न विचारला नाही, हवी तेवढी आणि उद्याच देतो म्हणाला. हा फरक तेव्हाच ओळखता आला असता. आपल्या जनावराचे पुढे काय होणार हे विचारणारा आणि एका वेळी थोडीच विकणारा माणूस बहुधा पैदास करणारा असतो. ज्याच्याकडे कोणत्याही महिन्यात, कोणत्याही वयाची, कितीही जनावरे मिळतात, तो ती कुठून तरी आणत असतो. वीस शेळ्यांच्या कळपातून वर्षाला साठ गाभण शेळ्या विक्रीला निघू शकत नाहीत. हे गणित विक्रेत्यासमोरच मांडून बघावे.

पहिली भेट: दिसलेल्या खुणा

मायलेक फार्मवर गेले तेव्हा दुपार होती. करडे एका जाळीच्या कप्प्यात, शेळ्या दुसरीकडे. कामगाराने कप्पा उघडला. पंधरा-सोळा करडे बाहेर आली आणि गोठाभर उधळली. दोन करडांनी एका शेळीच्या कासेखाली तोंड घातले. तिने मागे वळून शेपटीखाली हुंगले, डोक्याने ढुशी दिली आणि सरकून उभी राहिली. दुसरीनेही तेच केले. आई एवढेच म्हणाली, "यातलं एकबी करडू आपल्या आईकडं गेलं न्हाई."

फार्मवाल्याचे उत्तर तयार होते: करडे बाटलीवर वाढवतो. तसे काही ठिकाणी करतातही. पण मग बाटल्या आणि निपल कुठे आहेत? व्यालेल्या शेळ्यांची धार कोण काढतो आणि त्या दुधाचे काय होते? हे कुणी विचारले नाही.

ही तपासणी शेळीच्या धंद्यातली सर्वांत स्वस्त आणि फसवायला सर्वांत अवघड आहे. करडे दोन-तीन तास कोंडून ठेवायला सांगावीत आणि आपल्या डोळ्यांदेखत सोडायला लावावीत. जिथे ती जन्मली असतील तिथे मिनिटाच्या आत प्रत्येक करडू आपापल्या शेळीखाली असते, आणि शेळीही ओरडून त्याला बोलावते. जिथे ती गोळा केलेली असतील तिथे अशी उधळण दिसते.

इतर खुणा मुलाने काढलेल्या फोटोंत नंतर सापडल्या. निवडलेल्या दहा शेळ्यांचे बिल्ले 201 ते 210. दोन दाती (तरुण) आणि आठ दाती (प्रौढ) शेळ्यांच्या कानांत लागोपाठचे आकडे असतील, तर सगळे बिल्ले एकाच दिवशी मारलेले असतात. भोकांच्या कडा ओल्या, खपली धरलेल्या होत्या. शिवाय तीन आकड्यांचा बिल्ला म्हणजे फार्मचा स्वतःचा. सरकारी बिल्ल्यावर 12 अंक असतात. तो क्रमांक पशुवैद्यकाने भारत पशुधन प्रणालीत टाकला की मालक आणि नोंदलेल्या लसी दिसतात. 1 जून 2024 पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही. त्यामुळे कानात काहीतरी पिवळे लटकवण्याची पद्धत वाढली आहे. अंक मोजावेत.

तीन शेळ्यांच्या पाठीवर पुसट निळा रंग होता. बाजारात व्यापारी आपला माल ओळखायला असा रंग लावतात. लसीकरणाचा पुरावा म्हणून वहीतली एक ओळ दाखवली गेली: 'सर्व लस झाली.' तारीख नाही, लसीचा बॅच क्रमांक नाही, टोचणाऱ्याची सही नाही. बोकड दीड वर्षाचा सांगितला गेला. त्याचे ओठ उघडून पाहिले असते तर पक्के दात सहा दिसले असते. दीड वर्षाला दोन असतात, सहा म्हणजे अडीच वर्षे उलटलेली.

पहिला निर्णय

आईचे म्हणणे दोन शेळ्या न्याव्यात, महिनाभर बघावे. मुलाचे म्हणणे दोनसाठी गाडी परवडत नाही. तडजोड दहावर झाली, जी मुळात तडजोड नव्हती. दहा शेळ्यांचे वजन 310 किलो, 450 रुपयांनी 1,39,500. बोकड 42 किलोचा, 500 रुपयांनी 21,000. उरलेल्या दहा शेळ्यांसाठी 40,000 आगाऊ. सगळे पैसे मोबाइलवरून गेले आणि शेरा फक्त 'शेळ्या' एवढाच.

इथे एकच गोष्ट नीट झाली, आणि तिनेच पुढचे मोठे नुकसान टाळले. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे नवी जनावरे मुख्य गोठ्यात न घेता शेताच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या शेळ्यांपासून साठेक मीटर दूर बांधली. पाण्याची बादली, गव्हाण, झाडू वेगळा. आधी जुन्या शेळ्यांचे काम उरकायचे, मग नव्यांकडे जायचे, उलट नाही. मुदत किमान 21 दिवस, जमल्यास 30.

अडचण कशी उघडी पडली

जुलैचा महिना होता. आल्यानंतर दीड दिवसाने घरच्या काट्यावर दहा शेळ्या 284 किलो भरल्या. 26 किलो कमी, म्हणजे 11,700 रुपये. प्रवासात पोट रिकामे होऊन काही वजन घटतेच. पण विक्रीच्या सकाळी मिठाचा खुराक देऊन वर भरपूर पाणी पाजले तरी आकडा असाच फुगतो. दोन्हींतले काय झाले हे नंतर सिद्ध करता येत नाही. म्हणून वजन सकाळी, चारा-पाण्याआधी, आपल्या काट्यावर करायचे. काटा नसेल तर टेपने छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, हे अंदाजे किलो. 28 इंच घेर आणि 26 इंच लांबी असेल तर उत्तर 31 च्या जवळ येते.

सहाव्या दिवशी दोन शेळ्यांनी चारा सोडला. ताप 105 अंश फॅरनहाइट. शेळीचे नेहमीचे तापमान 102 ते 103 असते. डोळ्यांतून आणि नाकातून आधी पातळ, मग घट्ट स्राव. आठव्या दिवशी हिरड्यांवर फोड, पातळ हगवण, धाप. नमुने पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत गेले आणि पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग निघाला. या विषाणूवर थेट औषध नाही. दुय्यम न्यूमोनियासाठी प्रतिजैविके, सलाइन, तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुणे, पातळ पेज पाजणे, एवढेच हातात असते. तीन शेळ्या दगावल्या, दोघींनी गाभ टाकला. उपचारावर 11,000 गेले.

रोगाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण चार ते सहा दिवस जातात, कधी दहा. म्हणजे लागण फार्मवर किंवा त्याआधी बाजारात झालेली. विक्रीच्या दोन दिवस आधी लस टोचली असती तरी उपयोग नव्हता, कारण संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. लस खरी टोचलेली असेल तर एक मिली कातडीखाली, आणि संरक्षण सुमारे तीन वर्षे. आईच्या चार गावठी शेळ्यांना ती गेल्याच वर्षी गावच्या शिबिरात टोचलेली होती. त्यातली एकही आजारी पडली नाही. पीपीआर 2009 च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्यात कळवण्याचा रोग आहे. दवाखान्याला कळवल्यामुळे आजूबाजूच्या वस्त्यांवरही लसीकरण झाले.

'गाभण गॅरंटी'चा हिशेब वेगळाच निघाला. दहापैकी आठ गाभण सांगितल्या होत्या. गाभ टाकलेल्या दोन सोडून उरलेल्या पाच शेळ्यांची सोनोग्राफी केली, तेव्हा एकच गाभण होती. सोनोग्राफी महिना-सव्वा महिन्याच्या गाभणपणातही होते आणि खर्च फार नसतो. ती खरेदीच्या जागी, पैसे देण्यापूर्वी करावी. सकाळी धार न काढता कास तटतटलेली दाखवणे, पोटाला हात लावून 'तीन महिने' सांगणे, याला गॅरंटी म्हणत नाहीत.

दुसरा निर्णय: बदली घ्यायची का

फोन केल्यावर फार्मवाला भांडला नाही. "तीन बदलून देतो, पुढच्या लॉटबरोबर पाठवतो," म्हणाला. चाळीस हजार अडकलेले असताना हा प्रस्ताव मोह घालतो, आणि बहुतेक खरेदीदार इथे दुसऱ्यांदा बुडतात. ज्या गोठ्यात रोग फिरतो आहे तिथलीच जनावरे बदली म्हणून घेणे म्हणजे तोच रोग पुन्हा आणणे. खरा पैदासकार अशा वेळी काय करतो? स्वतःच्या कळपाचा ताप तपासतो, विक्री थांबवतो, आधी घेऊन गेलेल्यांना फोन करतो. या फार्मच्या व्हिडिओंत मात्र त्याच आठवड्यात 'नवीन लॉट उपलब्ध' झाला.

बदली नाकारली. पैशांसाठी ओळखीच्या मध्यस्थाकडून चार महिने तगादा लावला, 15,000 परत मिळाले, 25,000 बुडाले. लेखी काही नसल्यामुळे पुढे जायला आधार नव्हता. बोकड पुढे बकरी ईदच्या बाजारात विकून टाकला. तो देखणा होता, पण त्याची आई कोण हेच माहीत नसेल तर देखणेपणाचे पैदाशीत काय करायचे?

दुसरी खरेदी

शेवटची आजारी शेळी बरी झाल्यानंतर वेगळी जागा झाडून, चुना मारून महिनाभर रिकामी ठेवली. पीपीआरचा विषाणू जनावराबाहेर फार टिकत नाही. उन्हात कोरडी पडलेली जागा बहुतेक काम करते. दिवाळीनंतर मायलेक लातूर-धाराशिवकडे गेले. पहिला फोन त्या म्हाताऱ्या गृहस्थांनाच होता.

तिथे बोर्ड नव्हता, गोठाही कुडाचा. नोंदी होत्या, पण नातीच्या शाळेच्या वहीत, मागच्या पानांवर, शेळ्यांच्या नावांनी: 'कानफाटी – जुळं – दोन पाटी – पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.' 'बांडी – एक बोकड – मेला, हगवण.' मेलेल्या करडाची नोंद असलेली वही खरी मानायला हरकत नाही. विकण्यासाठी बनवलेल्या वहीत कुणी मरत नाही. तरी पडताळणी केली. त्याच शेळीबद्दल अर्ध्या तासाने, गप्पांच्या ओघात पुन्हा विचारले. बोकड ज्याचा होता त्या शेजाऱ्याकडे चौकशी केली. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या लसीकरण रजिस्टरमध्ये तारीख पाहिली. तिन्ही जुळले.

मुलाने कानफाटीच मागितली. म्हातारबुवा म्हणाले, "ती न्हाई द्यायची. तिची पाट न्या, ताईंना विचारून बघा कसली हाय ती." कळपातली सर्वांत चांगली शेळी विकायला नकार मिळाला की समजावे, हा माणूस पुढच्या पाच वर्षांचा विचार करतो आहे.

एका घरातून दोन-तीनच पाटी मिळतात. त्यामुळे सहा घरे गाठावी लागली. सहा कळपांतली जनावरे एकत्र करणे रोगाच्या दृष्टीने एका कळपातून घेण्यापेक्षा धोक्याचेच, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. त्यावर उपाय म्हणून पैसे देण्यापूर्वी रक्त काढून ब्रुसेला या गाभ पाडणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची 'रोज बंगाल' (Rose Bengal) नावाची चाचणी केली, पाटींची आणि त्यांच्या आयांचीही. न फळलेल्या, म्हणजे अजून गाभण न राहिलेल्या, पाटीत संसर्ग असूनही चाचणी कोरी येऊ शकते, म्हणून आईची चाचणी जास्त बोलते. निवडलेल्या चौदा पाटींपैकी एका घरच्या शेळीची चाचणी होकारार्थी आली. त्या घरच्या दोन्ही पाटी सोडून दिल्या. ब्रुसेला माणसालाही होतो. त्या घराला दूध उकळूनच घ्यायला आणि गाभ टाकलेल्या शेळीची वार उघड्या हाताने न उचलायला सांगितले.

उरल्या बारा पाटी, आठ ते दहा महिन्यांच्या, एकूण 228 किलो, 400 रुपयांनी 91,200. वाहतूक 6,500, चाचण्या आणि फेऱ्या 9,300. सहा तासांपेक्षा लांबचा प्रवास असल्याने गाडीसोबत पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला घेतला. 1978 च्या वाहतूक नियमांत तो लागतोच. बोकड मुद्दाम पाटी न घेतलेल्या घरचा निवडला, आईने तीन वेतांत जुळी दिलेली. आल्यावर पुन्हा 30 दिवस वेगळे.

काय निष्पन्न झाले

पाटी 22 किलोच्या पुढे गेल्यावर भरवल्या, म्हणजे बोकडाला दाखवल्या. बारापैकी अकरा व्याल्या, 16 करडे झाली. पहिल्या वेताला जुळी कमीच असतात, त्यामुळे आकडा चांगला आहे. फार्मच्या उरलेल्या सात शेळ्यांपैकी दोन वारंवार उलटल्या (भरवूनही गाभण राहिल्या नाहीत) म्हणून 15,000 ला विकल्या. पाच व्याल्या, 7 करडे.

'घरी प्रत्यक्ष व्यालेली शेळी कितीला पडली' हा आकडा काढून बघावा. फार्मच्या शेळ्या: खरेदी आणि उपचार 1,50,500, बुडालेले आगाऊ 25,000, वजा विक्रीचे 15,000. पाचांत वाटले तर प्रत्येकी 32,100. पाटी: खरेदी, गाडी, चाचण्या मिळून 1,07,000. व्याईपर्यंतच्या आठ महिन्यांचा चारा-खुराक पाटीमागे 4,000 धरला तरी 1,55,000, अकरांत वाटून सुमारे 14,100. किलोला पन्नास रुपयांचा फरक होता, तो विचारात घेण्याजोगा नव्हताच.

काय वेगळे करता आले असते

आगाऊ रक्कम. एकाही जनावराने वेगळ्या जागेतला महिना काढलेला नसताना पुढच्या लॉटचे पैसे देण्याचे कारण नव्हते. द्यायचेच तर साध्या कागदावर बिल्ला क्रमांक, वजन, दातांवरून वय, लसीची तारीख आणि 'पंधरा दिवसांत साथीचा रोग निघाल्यास रक्कम परत' एवढे लिहून दोघांच्या सह्या. पैदासकार सही करतो. नुसता विक्रेता 'आपल्यात कागद कशाला' म्हणतो, आणि मग कागद लागतोच.

ऋतू. जुलैत ओल्या गाडीतून आणलेली शेळी रोग नसतानाही सर्दी-न्यूमोनिया धरते. म्हातारबुवांचे 'दिवाळी होऊ द्या' हे धंद्याचे ज्ञान होते.

आईचे वाक्य. घरात चाळीस वर्षांचा अनुभव होता, तो एका तयार उत्तरापुढे मागे पडला. खरेदीला जाताना शेळ्या सांभाळलेले माणूस बरोबर न्यायचे आणि त्याला शंका आली तर त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत, असे आधीच ठरवलेले असते तर बरे झाले असते.

महामंडळाकडे अर्ज मात्र पहिल्याच दिवशी करून ठेवायला हवा होता. थांबायला लागते म्हणून तो केलाच नाही. आता पुढच्या बोकडासाठी केला आहे, कारण सध्याच्या बोकडाच्या पाटी वर्षभरात भरवायच्या होतील आणि बापलेकींचा संकर टाळायचा तर त्याआधी बोकड बदलावा लागेल. अर्ज लांबला तर म्हातारबुवांच्या शेजाऱ्याशी बोकडाची अदलाबदल ठरली आहे, दोन्हीकडच्या रक्ताच्या चाचण्या करून.